एक बोली, दोन देवघरे

केळीच्या वाडीत रात्री एकटे जाऊन पाहावे. वाळलेली पाने खोडाला लोंबत असतात, वारा पडलेला असतो, आणि तरी पाठीमागे सळसळ होते. पाय आपोआप थांबतात. मांजर असेल? धामण? की माणूस? ‘काहीतरी असेल’ एवढ्यावर मेंदूचे समाधान होत नाही, त्याला ‘कोणीतरी’ हवे असते.

धर्माच्या मानसशास्त्राची सुरुवात इथूनच होते. स्ट्युअर्ट गथ्री यांनी १९९३ मध्ये आणि पुढे जस्टिन बॅरेट यांनी मांडलेली कल्पना साधी आहे. प्रत्येक सळसळीला दचकणारा पूर्वज दहा वेळा फुकट दचकला, पण अकराव्या वेळी वाचला. न दचकणाऱ्याचा वंश पुढे फारसा उरला नाही. आपण त्या भित्र्यांचे वारस आहोत, म्हणून ढगात चेहरा दिसतो आणि वादळामागे कोणाचा तरी राग.

कशावर विश्वास बसतो यालाही एक घडण असते. पास्कल बॉयर म्हणतात, जी कल्पना बरीचशी ओळखीची आणि एखाद्याच बाबतीत विपरीत असते, ती डोक्यात पक्की बसते. आपली हडळ घ्या. बाईच ती, केस मोकळे सोडलेली, रागावणारी, हाका मारणारी. फक्त पाय उलटे. तिला सहा हात, तीन शेपट्या आणि दर मंगळवारी अदृश्य होण्याची सवय दिली असती, तर आजीलाही ती गोष्ट नीट सांगता आली नसती.

पण यातून फार तर भुताचा उलगडा होतो, धर्माचा नाही. दचकणारा मेंदू तर साऱ्या जगाचा एकच आहे. मग धर्म इतके का? यासाठी विरार स्टेशनावरून पश्चिमेला, आगाशीच्या बाजूला वळावे.

तिथल्या नंदाखाल गावातले पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ सालचे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्या पाठोपाठ मिशनरी आले. आज या पट्ट्यातल्या ख्रिस्ती शेतकरी समाजाला कुपारी म्हणतात. त्यांची बोली सामवेदी, तिलाच कादोडी असेही नाव आहे. आणि हीच बोली याच पट्ट्यातले हिंदू सामवेदी ब्राह्मणही बोलतात. दोघांच्या वाड्यांत केळी, पानवेल आणि फुले. आडनावे मात्र वेगळी. कुपाऱ्यांत घोन्सालवीस, तुस्कानो, लोपीस. साडेचारशे वर्षांपूर्वी एका वस्तीला फाटा फुटला. धर्म बदलला, पण भाषा तीच राहिली. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत मांडावा असा हा प्रयोग इतिहासाने आयता मांडून ठेवला आहे.

धर्मांतरे कशी झाली, याचे एकच उत्तर नाही. देवळे पाडली गेली, सवलती मिळाल्या, दडपण आले आणि काहींना खरोखर श्रद्धाही वाटली असणार. पण मला खरा प्रश्न पुढचा वाटतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीजांची सत्ता गेली, तिचे दडपण गेले, सवलतीही गेल्या. कारण सक्तीचेच असते तर पुढच्या पिढीत हा धर्म विरून जायला हवा होता. तो विरला नाही.

इथे केळीच कामाला येते. खायच्या केळ्यात रुजणारे बी नसते. आईच्या बुंध्याशी मुनवा फुटतो, तो काढून लावायचा, त्याची आई होते, तिला पुन्हा मुनवा. राजेळी जातीचा मुनवा लावला की राजेळीच येणार, दुसरे काही नाही. धर्म बराचसा असाच पसरतो. १९८२ मध्ये लुका कावाली-स्फोर्झा, मार्कस फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डचे विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि मित्र यांच्या सवयी नि समजुती ताडून पाहिल्या. आईवडिलांकडून मुलांकडे सर्वांत घट्टपणे जाणाऱ्या गोष्टींत धर्म आणि राजकीय कल होते, आणि धर्माच्या बाबतीत आईचा वाटा ठळक होता. म्हणजे तुलना करून, पुरावे तपासून धर्म निवडणारा माणूस विरळाच. आपण भाषा तरी कुठे निवडली?

मुनव्याच्या उपमेलाही मर्यादा आहेत. नुसते ऐकून श्रद्धा बसत नाही. विल गर्व्हे आणि जोसेफ हेनरिक यांनी याला ‘झ्यूसचा प्रश्न’ असे गमतीदार नाव दिले. प्राचीन ग्रीकांचा देव झ्यूस, त्याच्या गोष्टी आपल्याला रंजक वाटतात, लक्षात राहतात, बॉयरच्या कसोटीलाही उतरतात. मग त्याला नवस का बोलत नाही? हेनरिक यांचे उत्तर असे की मूल शब्दांपेक्षा कृती पाहते. नंदाखालच्या मुलाने विरारच्या जीवदानी देवीची कथाही ऐकलेली असते आणि संतांच्याही. पण चाळीस दिवसांच्या उपवासात आई जेवण टाकते, हे तो घरात बघतो. विरारचे मूल आजीला अनवाणी जीवदानीच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढताना पाहते. झ्यूससाठी गुडघे दुखवून घेणारे आसपास कोणी नाही. बोलणे फुकट असते, गुडघे दुखतात ते खरे.

रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सामुदायिक वसाहतींचा अभ्यास केला. धार्मिक वसाहती अधिक काळ टिकल्या होत्या, आणि त्यांतही ज्यांचे नियम जाचक त्या जास्त. म्हणजे धर्म माणसांना एकमेकांशी बांधूनही ठेवतो. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असे मानतात. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मबाप यांचे एकमेकांशी जे नाते जुळते, ते कोंपाद्रे. जमातीचे नावच नात्यावरून पडले, एखाद्या मतावरून नाही, हे मला बोलके वाटते.

आता जमिनीखाली बघू. नंदाखालपासून जवळच्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला आणि पुढे नवव्याचाही. नवव्या लेखात सम्राटाची तक्रार आहे की लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळंतपणात, प्रवासाला निघताना नाना मंगलकार्ये करतात, आणि बायका तर फारच, बरीचशी क्षुल्लक आणि निष्फळ. सम्राटाचा सूर सासऱ्याचा आहे, पण यादी अचूक आहे. निकाल आपल्या हातात नसतो अशाच या चारही वेळा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांना पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर हेच दिसले. खाडीच्या शांत, हमखास मासे मिळणाऱ्या पाण्यात कोळी मंत्रतंत्र करीत नसत. खुल्या समुद्रात, जिथे जीव जाऊ शकतो, तिथे मंत्रांचे पीक. अर्नाळ्याचा कोळी नारळ अर्पण करतो आणि ख्रिस्ती कोळी होडीवर आशीर्वाद मागतो, ते त्याच खुल्या पाण्यामुळे.

धर्मांची संख्या मात्र भीतीवरून ठरत नाही. ती दुराव्यावरून ठरत असावी. कोरी फिंचर आणि रँडी थॉर्नहिल यांनी २००८ मध्ये दाखवले की ज्या देशांत संसर्गजन्य रोग जास्त, तिथे धर्मही जास्त. त्यांच्या मते रोगांच्या धाकाने माणसे परक्यांपासून दूर राहतात आणि वेगळे गट वेगळ्या वाटेने जातात. माझा यावर पूर्ण भरवसा नाही, दोन आकडे सोबत वाढले म्हणजे एकाने दुसऱ्याला वाढवले असे होत नाही. देव कसा असेल, याचाही परिसराशी संबंध दिसतो. कार्लोस बोटेरो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५८३ समाजांची माहिती तपासली. खडतर, बेभरवशाच्या हवामानात नीतिनियम लावणारे परमदैवत जास्त आढळले. यावरून याच जिल्ह्यातल्या जव्हार-डहाणूकडच्या वारल्यांचा वाघदेव आठवतो, जिथे वाघ होता तिथे देवही वाघच. मोठे राज्य आधी की मोठा देव आधी, या प्रश्नावर ‘नेचर’मध्ये २०१९ मध्ये गाजलेला निबंध मात्र आकडेवारीच्या दोषामुळे २०२१ मध्ये मागे घेतला गेला. धर्माबद्दल ठाम बोलणारे शास्त्रज्ञही कधी कधी तोंडावर पडतात, हे लक्षात असू द्यावे.

पुन्हा भाषेकडे येऊ. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुबोध बायबल’चे अनुवादक आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर इथल्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी आली. तोवर परमेश्वराशी बोलायचे एका भाषेत आणि वाडीतल्या पाटाला शिव्या द्यायच्या दुसऱ्या, अशी इथली विभागणी होती.

भाषेसारख्या काही वस्तूही देवघराची सीमा ओलांडतात. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, आणि वाईजवळ मेणवलीलाही एक आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. कृष्णेच्या घाटावर आलेली माणसे दगडी कमानीखाली थांबून वर पाहतात, आणि मरियम त्यांच्या डोक्यावर लटकत असते.