मेस्त्रीची मजुरी आणि गिऱ्हाइकाचा संशय

कोल्हापुरात ‘मेस्त्री’ हा शब्द आदराने उच्चारला जातो. ज्या शहराने शेतीच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिने स्वतः घडविली, ज्याच्या उद्योगाचा इतिहास म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा नावांनी सुरू होतो, तेथे हे स्वाभाविकच होय. तरीही ठरावीक पगारात घर चालविणारा शिक्षक वा कारकून आपली दुचाकी गॅरेजात लावून परततो, तेव्हा त्याच्या मनात आदरापेक्षा शंकाच अधिक असते.

ही शंका निराधार म्हणता येत नाही. आंबा गोड की आंबट, हे निदान कापल्यावर तरी कळते. क्लच प्लेट खरोखरच झिजली होती काय, हे मात्र ती बदलल्यानंतरही गिऱ्हाइकाला उमगत नाही; गाडी चालू झाली, एवढेच त्याला दिसते. येथे रोगाचे निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असतो. मायकेल डार्बी व एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली नेमका हाच प्रश्न मांडला होता आणि त्यासाठी मोटारदुरुस्तीचाच दाखला घेतला होता. अशा व्यवहारात नुसत्या स्पर्धेने फसवणूक नाहीशी होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

परंतु सारा दोष मेस्त्रीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या आणि एक जेट साफ करून गाडी मार्गी लावणाऱ्या कारागिराला आपण काय देतो? “एवढ्याशा कामाचे इतके पैसे?” हा प्रश्न मात्र तत्काळ देतो! त्याच गिऱ्हाइकाला नव्या पार्टचे बिल दाखविले की ते निमूटपणे चुकते होते. ज्ञानाला मोल नाही, वस्तूला आहे, हे एकदा ध्यानी आले की मजुरी पार्टच्या किमतीत दडविण्याचा मोह सुटणे कठीण. अशा रीतीने प्रामाणिक निदान तोट्याचे आणि अनावश्यक बदल फायद्याचा ठरतो. त्यात नकली पार्टची भर पडली, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. पावसाळ्यात गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक लायनर अस्सल आहे की नाही, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी आलेल्या, २०२० पासून अमलात असलेल्या कायद्याने पावती न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पण जीएसटी वाचविण्यासाठी “पक्के बिल नको” असे म्हणणारा कोण असतो? बहुधा गिऱ्हाईकच. मग तक्रार घेऊन जिल्हा आयोगापुढे जाताना त्याच्या हाती कागदाचा कपटाही नसतो.

उपाय फार अवघड आहेत असे नाही. कामाला हात लावण्यापूर्वी अंदाज लिहून द्यावा, खर्च वाढणार असेल तर आधी विचारावे, मजुरी वेगळी दाखवावी आणि ती गिऱ्हाइकाने घासाघीस न करता द्यावी. काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवून देणारे मेस्त्री आजही आहेत. गिऱ्हाइकाला त्यातले काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक असते. तरी ते ठेवतात.