दात दुखण्याआधीच मुलाला डॉक्टरांकडे का न्यावे?

दुधाचे दात पडणारच, मग डॉक्टर कशाला, असे अनेक घरांत म्हटले जाते. पण बालदंततज्ज्ञ पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंतच करून घ्यायला सांगतात. दाढ ठणकल्यावरच नेले, तर दवाखाना म्हणजे वेदना हेच मुलाच्या मनात बसते. एरवी काम काही मिनिटांचे: मूल आईच्या मांडीवर, डोके डॉक्टरांच्या मांडीवर. रडले तरी चालते, उलट तोंड उघडल्याने दात नीट दिसतात!

मूल दोन-तीन वर्षांचे असेल, तर घरी ‘आ’ करून दात मोजण्याचा खेळ आधी खेळावा. ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगू नये. दुखण्याची कल्पना तिथूनच डोक्यात शिरते. ‘डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी तर नकोच. वेळ शक्यतो सकाळची घ्यावी, झोप झालेली असते.