हयातीचा दाखला

वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरात ख्रिस्ती कोळी आणि हिंदू कोळी शेजारी शेजारी राहतात. या किनारपट्टीवरच्या कोळीवाड्यांतले काही मुलगे डोलीची जाळी सोडून नौदलात, लष्करात भरती झाले. वर्दीतला त्यांचा फोटो आजही भिंतीवर दिसतो. त्यांच्या मागे घर चालवणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या, रोज संध्याकाळी जपमाळ म्हणणाऱ्या बायका पुढे आज्या झाल्या आणि आता एकेक करून आपल्यातून जात आहेत. त्यांचं आयुष्य कुठे कुठे नोंदलं गेलं आणि किती राहून गेलं, याचा हा आढावा आहे.

पहिली नोंद चर्चच्या वहीत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तीन वेळा तिचं नाव तिथे येतं. दुसरी नोंद फौजेच्या दप्तरात. लग्न झालं की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि बायकोचं नाव, जन्मतारीख नवऱ्याच्या सेवेच्या नोंदींत चढते. बाप्तिस्म्याचं नाव एक, घरात हाक मारायचं दुसरं आणि कारकुनाने लिहिलेलं तिसरंच, असं झालं की त्या फरकापायी म्हातारपणी पेन्शनसाठी खेटे घालावे लागतात. निवृत्तीच्या कागदांवर नवऱ्याशेजारी बसून काढलेला जोडफोटो लागतो. कित्येक घरांत नवराबायकोचा नीट काढलेला फोटो एवढाच.

या दोन नोंदींच्या मधली वर्षं कोणत्याच दप्तरात नाहीत. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नसे आणि फॅमिली क्वार्टरचा नंबर लागायला वेळ जाई. पत्र लिहायचं तर पत्त्यात युनिटचं नाव आणि ‘५६ ए.पी.ओ.’, नौदलातला असेल तर जहाजाचं नाव आणि ‘फ्लीट मेल ऑफिस’. नवरा नेमका कुठे आहे, हे पत्त्यावरून कळायची सोय नव्हती. जिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिला आपल्या मनातलं दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावं लागे. म्हणजे काही गोष्टी पत्रात कधी आल्याच नाहीत.

तिचा दिवस मात्र कुणाची वाट पाहत थांबत नव्हता. बोट लागली की मासळी निवडायची, बोंबील दोरावर टाकायचे, पाटी घेऊन बाजार गाठायचा. समुद्रावर जाणारे पुरुष आणि बाजारात उभ्या राहणाऱ्या बायका, ही कोळीवाड्याची जुनी वाटणी. फौजीची मनीऑर्डर येवो न येवो, कोळणीच्या हातात तिच्या स्वतःच्या कष्टाचा पैसा असे. तिच्या एकटेपणाला या पैशाचा मोठा आधार होता. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की सुकी मासळीच चूल पेटती ठेवायची.

आणि श्रद्धा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज मिशनरी निघून गेले. तरीही इथली ख्रिस्ती वस्ती टिकली. धर्मगुरू कमी असलेल्या त्या काळात प्रार्थना घराघरांत, आईकडून मुलीकडे गेली असणार, असं मला ठामपणे वाटतं. आज ज्या आज्या ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी लहानपणी चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, तिने लोकभाषांना वाट करून दिली आणि वेदीवर मराठी आली. बाई प्रथमच आपल्या भाषेत मिस्सा ऐकू लागली, तेव्हा तिचा नवरा कदाचित सीमेवर होता. १९६२ आणि १९६५ ही युद्धाचीही वर्षं. ऑक्टोबरातली जपमाळ, सप्टेंबरातली वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा, तिथे वाहिलेली मेणबत्ती, या सगळ्यात समुद्रावर आणि सीमेवर गेलेल्यांची नावं घेतली जात. मोतमाउलीला हिंदू कोळणीही नवस बोलतात. धास्ती दोघींची सारखीच होती.

ती धास्ती खोटी नव्हती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी ही युद्धनौका दीवजवळ अरबी समुद्रात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या स्मारकाने त्यांची आठवण जपली आहे. त्यांच्यामागे ज्यांनी पुढची पन्नास वर्षं संसार रेटला, त्यांचं स्मारक कुठेच नाही. काळ बदलला, हेही सांगायला हवं. वसईच्या खाडीपलीकडच्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८ मध्ये काश्मीरमध्ये शहीद झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी स्वतः प्रशिक्षण घेऊन लष्करात अधिकारीपद मिळवलं. आधीच्या पिढीला हा दरवाजा उघडा नव्हता.

नवरा गेल्यावर कोळीवाड्यातल्या आजीच्या नावाने कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं आणि नोव्हेंबर हा तिचा महिना होतो. दोन तारखेला मृतांच्या दिवशी ती दफनभूमीत नवऱ्याच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवते. त्याच महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, अशी वर्षानुवर्षांची रीत. एका ठिकाणी गेलेल्यासाठी प्रार्थना, दुसऱ्या ठिकाणी आपण जिवंत असल्याचा अंगठा. त्या कागदावर ती जगते आहे एवढंच कळतं. कशी जगली, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

तो रकाना आपण भरायला हवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी वसईच्या ख्रिस्ती माणसाला मराठी साहित्यात जागा मिळवून दिली. २०२० च्या धाराशिव साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद हा त्या जागेचा सन्मान होता. पण आज्यांचं बोलणं अजून बरंचसं तोंडीच आहे. या नाताळला नातवंडं गावी येतील तेव्हा फोनवर आजीचा आवाज टिपून घ्यावा. तिला नवऱ्याच्या पोस्टिंगबद्दल कमी आणि तिच्याबद्दल जास्त विचारावं: युद्धाची बातमी कुणी सांगितली, बोंबील कितीला जायचा, कोणती प्रार्थना कुणाकडून शिकली, कुणाची उधारी होती, राग कुणाचा यायचा. प्रत्येक धर्मग्रामाने अशा आठवणींची एक वही ठेवावी, बाप्तिस्म्याच्या वहीइतकीच जपून. फौजेने तिची ओळख ‘अमक्याची पत्नी’ अशी लिहिली. तिच्या स्वतःच्या कष्टाचा आणि प्रार्थनेचा इतिहास लिहिणं हे तिच्या नातवंडांचं काम आहे, आणि ती बोलते आहे तोवरच ते होऊ शकतं.