शौचाच्या नमुन्यामागचा डॉक्टर

पुण्यातल्या गियाँ-बारे सिंड्रोमच्या (जीबीएस) साथीच्या बातम्यांत आयसीयू दिसले, उपचाराच्या इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च दिसला, सिंहगड रस्त्यावरचे पाण्याचे टँकर दिसले. रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, ही बाब मात्र दोन ओळींत उरकली गेली. खरी गोष्ट तिथेच आहे.

हा जंतू मोठा हट्टी. साध्या हवेत वाढत नाही. ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास आणायचा, इनक्युबेटर ४२ अंशांवर ठेवायचा आणि ४८ तास थांबायचे. नेहमीच्या पद्धतीने ३७ अंशांवर प्लेट लावली, तर 'रोगजंतू आढळले नाहीत' असा अहवाल येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

१९७७ पर्यंत जगभर जवळपास हेच चालले होते. मग इंग्लंडमधल्या वूस्टरच्या रुग्णालयात मार्टिन स्किरो या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने इतर जंतूंना रोखणारी तीन प्रतिजैविके घालून खास माध्यम बनवले. जुलाबाच्या ८०३ रुग्णांपैकी ५७ जणांत हा जंतू निघाला. जुलाब नसलेल्या १९४ जणांपैकी एकातही नाही. विशेष म्हणजे हे काम एका जिल्हा पातळीच्या शहरातले, बड्या विद्यापीठातले नव्हे. मला या माणसाबद्दल अपार आदर वाटतो.

या जंतूच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरच उलटतात, आणि जीबीएस होतो. पण हातापायांतली ताकद जाते ती जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी, आणि तोवर शौचातला जंतू बरेचदा नाहीसा झालेला असतो. म्हणूनच नमुना घ्यायचा तो नुसते जुलाब होत असताना, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. तो कॅरी-ब्लेअर माध्यमात, थंड ठेवून पाठवायचा. पाणीही तपासायचे: नळाच्या टोकाला क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करायची. पाणी पिवळे झाले नाही, तर तिथे क्लोरीन पोहोचलेलेच नाही.

हे सारे जुळवायचे ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने; पण एमडी सूक्ष्मजीवशास्त्राच्या जागा प्रवेशफेऱ्यांत अगदी शेवटी भरतात. एमबीबीएसनंतर तीन वर्षे शिकून हाती येते ती बहुधा महाविद्यालयातली अध्यापकी किंवा खासगी लॅब. साथरोगाच्या कामात उतरलेले थोडे, आणि जिल्हा प्रयोगशाळांत कायम नेमणूक मिळालेले त्याहून थोडे. पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात. त्याआधी प्रत्येक जिल्ह्यात एक पूर्णवेळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि ४२ अंशांवर चालणारा एक इनक्युबेटर, एवढी तरतूद सरकारने यंदाच करावी.