एकही बंकर नसलेला गोल्फ कोर्स



गोल्फ म्हटलं की आपल्या लोकांच्या दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. पहिली, "साहेबांचा खेळ तो!" आणि दुसरी, "त्यात अवघड काय आहे? चेंडू तर जागचा हलतही नाही." दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर हवं असेल तर लंडनच्या दक्षिणेला तीसेक मैलांवर, ईस्ट ससेक्समधल्या फॉरेस्ट रो गावी एक दिवस काढावा. पहिल्याचं उत्तरही तिथेच मिळतं, पण ते थोडं पुढे सांगतो.

या गावाला लागून रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्ट गोल्फ क्लब आहे. स्थापना १८८८ ची. क्लबचे दोन कोर्स आहेत, ओल्ड आणि वेस्ट. आम्ही ओल्डवर खेळलो. आम्ही म्हणजे मी, इथे हॉस्पिटलात नोकरी करणारे आमचे नागपूरचे डॉक्टर, आणि पहिल्या टीवर भेटलेले एक स्थानिक निवृत्त गृहस्थ. ते एकटेच आले होते म्हणून आमच्यात सामील झाले, आणि अठरा होल संपेपर्यंत आमचे गाईडही झाले.

नाव 'फॉरेस्ट' असलं तरी आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं हे घनदाट जंगल नाही बरं का. एकेकाळी ही राजाची शिकारीची राखीव जागा होती, म्हणून ते नाव. आज बराचसा भाग उघडा माळ आहे. त्यावर हेदरची चिवट झुडपं, पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स, ब्रॅकन नावाचा कमरेइतका वाढणारा नेचा, आणि अधूनमधून पाईन नि बर्चची झाडं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना दुसरी ओळख पटकन पटेल. विनी द पूहचं जंगल ते हेच. लेखक मिल्न इथून जवळच हार्टफील्डला राहायचे.

आता मुख्य गोष्ट. या कोर्सवर बंकर नाहीत. एकही नाही! गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे. खेळाडूला त्रास द्यायला ते मुद्दाम खोदलेले असतात. हे कळल्यावर डॉक्टर एकदम खुश झाले. "म्हणजे कोर्स सोपा दिसतोय!" गृहस्थ फक्त हसले.

त्या हसण्याचा अर्थ तिसऱ्या होलपर्यंत कळला. इथला टी उंचावर, समोर शंभरेक यार्ड नुसतं हेदर, आणि त्यापलीकडे फेअरवेची हिरवी पट्टी. हेदर लांबून मऊ गालिच्यासारखं दिसतं, ऑगस्टमध्ये फुललं की सगळा उतार जांभळा होतो. पण चेंडू आत गेला की फांद्यांच्या जाळीत तळाशी जाऊन बसतो. क्लब जोरात मारावा तर झुडूप दांड्याला विळखा घालतं आणि तोंड भलतीकडेच फिरतं. गृहस्थांचा सल्ला साधा होता. "हेदरमध्ये शूरपणा नको. वेज घ्यायचा, सगळ्यात जवळच्या गवतावर यायचं, आणि एक स्ट्रोक गेला म्हणून समजायचं." फेअरवेवर पोचलं तरी सुटका नाही. सपाट जमीन अशी नाहीच. कधी चेंडू पावलांच्या वर, कधी खाली, आणि माळावरचा वारा कायम सोबतीला.

सहाव्या होलला 'आयलंड' म्हणतात. जेमतेम सव्वाशे यार्डांचा पार-थ्री. कागदावर हा सगळ्यात बारका होल. पण ग्रीनच्या भोवती ओढा आणि खोल चर आहे. थोडं कमी पडलं तर ओढा, थोडं जास्त झालं तर पलीकडची उतरण. इथे ताकदीचा काडीचा उपयोग नाही, एकच अंतर बरोबर आणि बाकी सगळी चूक. डॉक्टरांचे दोन चेंडू ओढ्याला अर्पण झाले. माझा पोचला, दोन पट झाले, पार! उरलेल्या सतरा होलचं बोलत नाही. पार ७२ च्या कोर्सवर माझे १०९ झाले. डॉक्टरांनी आपला आकडा पेशंटच्या रिपोर्टसारखा गोपनीय ठेवला आहे.

मग बंकर का नाहीत? वाटलं होतं की कोणा डिझायनरची ही हौस असेल. कारण निघालं कायद्याचं, आणि ते ऐकून गावाकडच्या गायरानाची आठवण झाली.

या माळावर आसपासच्या शेतकऱ्यांचे जुने वहिवाटीचे हक्क होते. गुरं चारायची, सरपण न्यायचं, गोठ्यात अंथरायला ब्रॅकन आणि हेदर कापायचं. १८७० च्या दशकात जमीनमालकाने, म्हणजे अर्ल डी ला वॉर यांनी, हे कापणं बंद करायचा प्रयत्न केला. प्रकरण कोर्टात गेलं. वकिलाने गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या लिहून घेतल्या: तुझा बाप कापायचा का, आजा कापायचा का. १८८१ मध्ये अपील कोर्टाने वहिवाट मान्य केली. १८८५ च्या कायद्याने माळाची देखरेख करायला 'कॉन्झर्वेटर्स' नावाचं मंडळ आलं. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच अर्लच्या परवानगीने गोल्फ क्लब सुरू झाला.

म्हणजे क्लब आला तेव्हा अटी आधीच ठरल्या होत्या. खेळा, पण जमीन खोदायची नाही, ओढे वळवायचे नाहीत, माळाचं रूप बदलायचं नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अशा अटी दिल्या तर आम्ही क्लायंटच्या नावाने बोटं मोडू. इथल्या मंडळींनी जे होतं तेच वापरलं. उतार, ओढे, हेदर. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि हा कोर्स इंग्लंडमधल्या नावाजलेल्या कोर्सांत गणला जातो. १९८८ मध्ये ईस्ट ससेक्सच्या कौंटी कौन्सिलने अर्लच्या इस्टेटीकडून हा माळ विकत घेतला. आजही कोणीही इथे पायी फिरू शकतं. आम्ही चौदाव्या होलवर एका आजीबाई आणि त्यांच्या दोन कुत्र्यांसाठी निवांत थांबलो, आणि ते योग्यच वाटलं. जागा त्यांचीही आहे.

आता तो पहिला आक्षेप, साहेबांचा खेळ. १८९२ मध्ये याच कोर्सवर गावच्या कष्टकरी लोकांसाठी कँटलूप क्लब निघाला. माळी, मजूर, सुतार यांचा. अशा 'आर्टिझन' क्लबांचा रिवाज असा, की कोर्सवर काम करायचं आणि बदल्यात कमी पैशांत खेळायला मिळायचं. दरवाजा वेगळा, पण चेंडू नि हेदर तेच. या क्लबातून एब मिचेल नावाचा खेळाडू पुढे आला. १९१२ च्या ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेत तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला. पुढे बियाण्यांचे व्यापारी सॅम्युअल रायडर यांनी त्याला आपला खासगी शिक्षक नेमलं. त्याच रायडरनी युरोप-अमेरिका सामन्यांचा आज जगप्रसिद्ध असलेला रायडर कप दिला. पहिला सामना १९२७ मध्ये अमेरिकेत झाला. मिचेल आजारी पडल्यामुळे जाऊ शकला नाही. पण कपाच्या टोकावर जी छोटी सोनेरी मूर्ती आहे ना, ती त्याचीच. साहेबांच्या खेळातल्या इतक्या मानाच्या चषकावर गावच्या कामगार क्लबातला माणूस उभा आहे!

आपल्याकडेही हा धागा आहेच. ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना क्लब कोलकात्याचा, १८२९ चा. पण इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू होता अली शेर, १९९१ मध्ये. त्याने सुरुवात केली ती कॅडी म्हणून, दुसऱ्यांच्या बॅगा उचलून. खेळ साहेबांनी आणला खरा, पण तो राखला आणि वाढवला तो बॅग उचलणाऱ्यांनी नि गवत कापणाऱ्यांनीही.

कोणाला जायचं असेल तर थोडी माहिती. लंडन व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिन्स्टेडला थेट ट्रेन आहे, साधारण तासाभराचा प्रवास. फॉरेस्ट रोची स्वतःची रेल्वे १९६७ साली बंद झाली, त्यामुळे पुढचे तीनेक मैल बस किंवा टॅक्सी. पाहुण्यांच्या वेळा, फी आणि हँडिकॅपची अट आधी फोन करून विचारा. अंगावर रेनकोट आणि बॅगेत डझनभर चेंडू असू द्या. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, आणि हेदरमध्ये ती भुर्रकन संपतात. ज्यांना खेळायचं नाही त्यांनी नुसतं चालायला या. त्याला फी नाही आणि हँडिकॅपही नाही.

येत्या ऑगस्टमध्ये, हेदर फुललं की डॉक्टर आणि मी परत जाणार आहोत. चौघांच्या ग्रुपमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. नवशिके चालतील. पोहे आमच्याकडून, चेंडू ज्याचे त्याने आणावेत.