दुकानाचे नाव आणि पेढीचे नाव

बोदवडच्या बाजारपेठेत कापूस, धान्य, किराणा आणि कापड यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. तेथे माझ्या मेहुण्यांचा नातू पटावरील खेळांचे दुकान काढणार आहे. बुद्धिबळ, कॅरम आणि पत्ते तर असतीलच. शिवाय परदेशात लोकप्रिय झालेले, चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून दोन-दोन तास खेळावयाचे खेळही तो ठेवणार आहे. गाळा ठरला, भांडवल उभे राहिले. घोडे अडले ते नावापाशी. गेला महिनाभर त्या घरात दुसरा विषय नाही आणि बँकेत बत्तीस वर्षे घालविलेला माणूस म्हणून मलाही त्यात ओढण्यात आले.

मेहुण्यांची इच्छा साधी आहे. वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाने चाललेली कापसाची पेढी बारा वर्षांपूर्वी बंद झाली. तेच नाव पुन्हा पाटीवर यावे. खानदेशातील आपल्या समाजात दोन पिढ्यांची नावे जोडून पेढीला देण्याची रीत जुनी आहे. जळगावच्या सराफीतील ‘राजमल लखीचंद’ हे नाव सर्वांना ठाऊक आहे. अशा नावात मालाचा उल्लेख नसतो, केवळ माणसाचा शब्द असतो. वाकोदच्या भवरलालजी जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला आणि पुढे ‘जैन’ हे नाव ठिबक सिंचनासाठी जगभर ओळखले गेले. नाव आधी मोठे नव्हते. व्यवहाराने ते मोठे झाले.

परंतु पेढीचे नाव म्हणजे घरातील समई नव्हे की ज्याच्या वाट्याला आली त्याने ती लावावी. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार व्यवसायाची पत, म्हणजे ज्याला आपण गुडविल म्हणतो ती, भागीदारी संस्थेची मालमत्ता असते. मेहुण्यांचे धाकटे बंधू त्या पेढीत भागीदार होते. ते आता मलकापूरला असून त्यांची मुले त्याच नावाने बियाण्यांचा व्यवसाय करतात. विसर्जनाच्या वेळी हिशेब झाला, घर वाटले गेले, दागिने वाटले गेले. नावाचे काय करावयाचे हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या घरांमध्ये हे नेहमीच घडते. भावाभावांत असे विचारणेही अप्रशस्त वाटते आणि पुढच्या पिढीला त्याची किंमत मोजावी लागते. या दोन भावांत तर गेली काही वर्षे पर्युषणानंतरच्या क्षमापनेपलीकडे बोलणे उरलेले नाही.

दुसरा प्रस्ताव सुनेचा होता. ‘नवकार’ किंवा ‘वर्धमान’ यांपैकी एखादे मंगल नाव असावे. यावर दादीजींनीच हरकत घेतली. दुकानाचे नाव पिशवीवर छापले जाते आणि पिशवी शेवटी गटारात जाते. ही आशातना आपल्या हातून का व्हावी? मला त्यांचे म्हणणे पटले आणि त्यात मी माझ्या अनुभवाची भर घातली. एका तालुक्याच्या शाखेत असताना आमच्याकडे एकाच तीर्थंकरांच्या नावाने दोन ‘ट्रेडर्स’ खाती होती. एकाचा धनादेश माझ्या सहीने दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला आणि ती रक्कम परत मिळविण्यात तीन आठवडे गेले. चूक माझी होती, हे नाकारत नाही. परंतु दहा दुकानांना असलेले नाव कायद्याच्या दृष्टीनेही दुबळेच ठरते.

नातवाला हवे होते ‘मीपल’. नव्या खेळांत माणसाच्या आकाराची जी लाकडी सोंगटी असते तिला हे नाव आहे. इंग्रजीतील ‘माय’ आणि ‘पीपल’ हे शब्द जोडून २००० सालच्या सुमारास ते तयार झाले. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरीत मराठी पाटी लावणे बंधनकारक आहे आणि तिची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. म्हणून मी त्याला ते नाव देवनागरीत लिहावयास सांगितले. दादीजींनी कागद हातात घेऊन वाचले, “मी पीपल? पिंपळाचे दुकान काढतोस का रे?” आमच्या घरांत मराठी आणि मारवाडी एकाच ताटात वाढल्या जातात, त्याचा हा परिणाम.

त्याची दुसरी पसंती ‘गेमिंग’ या शब्दाला होती; तिला मी स्पष्ट नकार दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हापासून या शब्दाभोवती संशयाचे वलय आहे. सप्तव्यसनांत द्यूताचे स्थान पहिले. आपल्याच समाजातील आईबाप त्या पाटीखाली मुलाला पाठविताना दहा वेळा विचार करतील. मात्र सगळाच खेळ त्याज्य मानण्याचे कारण नाही. जैन परंपरेत ज्ञानबाजीचा पट आहे. बहुधा चौऱ्यांशी घरांचा, साप आणि शिड्यांचा आणि वर सिद्धशिला असलेला हा पट पर्युषणात खेळला जात असे. त्याचाच भाऊबंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मुलांचा खेळ झाला. तेथे सिद्धशिला गळाली आणि नुसते शंभर उरले!

प्रसिद्ध खेळाच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेण्याचा मोहही त्याला झाला. त्यावर मी कोलकात्याच्या दोन भावांची हकीकत सांगितली. त्यांनी इंटरनेटवर शब्दांचा ‘स्क्रॅब्युलस’ हा खेळ चालविला आणि तो अफाट लोकप्रिय झाला. ‘स्क्रॅबल’च्या मालक कंपनीने दावा केला. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात पटावरील स्वामित्वहक्काचा दावा मानला नाही, परंतु ते नाव वापरण्यास मनाई केली. खेळ वाचला, नाव गेले. पुढे तो ‘लेक्स्युलस’ या नावाने चालला.

अखेर मार्ग दादीजींनीच दाखविला. “त्या लाकडी बाहुल्याला आपण सोंगटीच म्हणतो ना?” ‘सोंगटी’ हे नाव नातवाला एकदम आवडले. व्यापारचिन्ह म्हणून ते थोडे अवघड आहे, कारण मालाचे वर्णन करणाऱ्या शब्दाची नोंदणी सहज होत नाही. खेळांचा अठ्ठाविसावा वर्ग आणि विक्रीसेवेचा पस्तिसावा वर्ग तपासून घ्यावा लागेल. लहान उद्योजकाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. काहींना वाटते की दुकान कायद्याखाली सूचना दिली म्हणजे नाव आपले झाले. तसे होत नाही.

मेहुण्यांनी एकच अट घातली. ‘सोंगटी’च्या खाली लहान अक्षरांत जुन्या पेढीचे नाव असावे. मी म्हटले, तर मग धाकट्या भावाची लेखी संमती आणा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गेल्या रविवारी सकाळच्या गाडीने ते मलकापूरला गेले, सोबत पेढीची जुनी रोकड वही घेऊन. संध्याकाळी परतले तेव्हा वही हातात नव्हती. धाकट्याने ती ठेवून घेतली होती आणि मुलांशी बोलून कळवितो म्हणाला होता. जेवून जाण्याचा आग्रह मात्र त्याने केला आणि दोघे एका ताटात जेवले.

पेंटरने पाटीवर पहिले नाव रंगविले आहे. खालची ओळ अजून कोरी आहे.