जिथे बसायला फांदी नाही

माळरानावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना चंडोल काही नवा नाही. गवतातून वर आकाशात चढायचे, तिथेच पंख फडफडवत गात राहायचे आणि मग खाली उतरायचे, ही त्याची रीत. गाण्यासाठी एवढी यातायात कशाला, असे आपल्याला वाटते. पण कारण अगदी साधे आहे. आपला आवाज दूरवर पोचवायचा तर उंच जागा हवी आणि माळावर ती नसते. म्हणून तो आकाशालाच व्यासपीठ करतो.

आज ज्या पाखराविषयी बोलायचे आहे, त्याच्या मुलुखात याहूनही वाईट अवस्था आहे. उत्तर ध्रुवाभोवती अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वे, रशिया असा जो टुंड्राचा पट्टा पसरला आहे, तिथे थोड्या खोलीवर जमीन बारमाही गोठलेली असते. मुळे खाली जाऊ शकत नाहीत, त्यामुळे झाडेच नाहीत. वाळुंजाच्या जातीची झुडपे असतात, पण ती बहुतेक ठिकाणी आपल्या गुडघ्यालाही लागायची नाहीत. बाकी शेवाळ, दगडफूल, गवताचे उंचवटे आणि त्यामध्ये साचलेले पाणी. या पाणथळ उजाडीत आपल्या चिमणीपेक्षा किंचित मोठा, पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा एक पक्षी राहतो. त्याचे नाव लॅपलँड लाँगस्पर.

लॅपलँड म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा उत्तरेकडचा भाग. लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातही तोच प्रदेश आहे. लाँगस्पर म्हणजे लांब नख असलेला. मागच्या बोटाचे नख चांगलेच लांब. हा पक्षी चिमणीसारखा टुणटुण उड्या मारत नाही, तुरुतुरु चालतो. आपल्या चंडोलाचेही मागचे नख असेच लांब असते. रब्बीच्या दिवसांत ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणारे भारीट तुम्ही पाहिले असतील. लाँगस्परला बरीच वर्षे त्या भारिटांच्या कुळातच धरत असत. पुढे आनुवंशिक तपासणीत तो वेगळा निघाला आणि त्याचे कुळ स्वतंत्र झाले. आपल्याकडे मात्र तो येत नाही. हिवाळ्यात तो अमेरिकेच्या मधल्या मैदानी शेतांत, रशियाच्या गवताळ प्रदेशात आणि युरोपात उत्तर समुद्राच्या किनाऱ्याकडे उतरतो आणि बियांवर गुजराण करतो.

मे महिन्याच्या उत्तरार्धात नर टुंड्रावर परततात. काळे तोंड, काळा गळा, मानेमागे तांबूस-विटकरी पट्टा. जमिनीवर अजून बर्फाचे पट्टे असतात. नर हवेत चढतो आणि पंख पसरून तरंगत खाली येताना गातो. मागून माद्या येतात आणि मग कामाची एकच झुंबड उडते. कारण अवधी फार थोडा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात निघायचे असते, त्यापूर्वी जुनी पिसे टाकून नवी घ्यायची असतात. आपल्याकडच्या पुष्कळ पक्ष्यांना एक विण फसली तर दुसरीची सोय असते. इथे पिले वाढवायची ती साधारण एकदाच.

घरटे मादी बांधते. गवताच्या उंचवट्याच्या कुशीत, वाऱ्याला आड करून जमिनीतच एक वाटीएवढा खळगा. आत बारीक गवत आणि त्यावर पिसांचे अस्तर. पिसे बहुधा टार्मिगन नावाच्या ध्रुवीय तित्तिराची, कधी कॅरिबू हरणाचे केस. थंड जमिनीवर अंडी उबवायची तर खालची गादी उबदार हवीच. अंडी चार ते सहा. मादी एकटीच बारा-तेरा दिवस उबवते. तिचा तपकिरी रंग गवतात असा मिसळून जातो, की पायाजवळून ती उडेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. कोल्ह्याला आणि मुंगसासारख्या विझलला मात्र तो लागतो, कारण ते नाकाने शोधतात.

आता गंमत पाहा. अलास्काच्या उत्तर टोकाला मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत सूर्य मावळतच नाही. मग हा पक्षी झोपतो केव्हा? शास्त्रज्ञांनी हे मुद्दाम तपासले. तिथल्या काही पाणपक्ष्यांचे दिवसरात्रीचे वेळापत्रक पार विस्कटलेले आढळले, ते कधीही जागे, कधीही विसावलेले. लाँगस्पर मात्र शिस्तीचा निघाला. सूर्य क्षितिजाजवळ उतरतो त्या मध्यरात्रीच्या सुमारास तो काही तास गप्प होतो. उजेड असला तरी त्या वेळी गारठा वाढतो, किडेही मंदावतात. आपण चोवीस तास दिवे लावून झोप घालवली, त्याने चोवीस तासांच्या उजेडात ती टिकवली.

पिलांना किडेच लागतात. जूनच्या शेवटास टुंड्रावर डास आणि लांब पायांच्या माश्या यांचे अमाप पीक येते, नेमकी तेव्हाच पिले बाहेर पडलेली असतात. आठ-दहा दिवसांची झाली की ती घरटे सोडतात, उडता येत नसतानाच. वरवर हा वेडेपणा वाटतो. पण पाच पिले एका खळग्यात असली, तर कोल्ह्याला एका घासात सगळी मिळतात. विखुरली तर एखादेच सापडते. आईबाप पिलांची वाटणी करून घेतात. काही तिची, काही त्याची, आणि आपापल्या वाटणीलाच दोघे भरवत राहतात.

हा पक्षी दुर्मिळ मात्र मुळीच नाही, जगात त्याची संख्या कोट्यवधींत आहे. म्हणूनच १३ मार्च १९०४ च्या रात्री जे घडले ते घडू शकले. अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि आयोवा राज्यांच्या सीमेवर त्या रात्री वारा नव्हता, अंधार दाट होता आणि ओले, जड बर्फ पडत होते. उत्तरेला निघालेले लाँगस्परचे प्रचंड थवे त्यात सापडले. पंख भिजले, दिशा कळेना. वर्दिंग्टन गावावर ते दिव्यांकडे ओढले गेले आणि भिंतींवर, तारांवर, रस्त्यांवर आदळत राहिले. सकाळी गावाजवळच्या दोन गोठलेल्या तळ्यांवर पक्ष्यांचा सडा पडला होता. ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यांतले पक्षी मोजले गेले, तेव्हा त्या दोन तळ्यांवरचाच अंदाज साडेसात लाखांचा निघाला. आसपासचा सगळा टापू धरून आकडा पंधरा लाखांच्या घरात गेला. मिनीयापोलिसचे डॉक्टर आणि पक्षिशास्त्रज्ञ थॉमस रॉबर्ट्स यांनी ही हकीगत गोळा करून १९०७ मध्ये 'ऑक' या नियतकालिकात छापली, म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी १९९८ मध्ये कॅन्सासच्या पश्चिम भागात धुके आणि बर्फाच्या एका रात्री दळणवळणाच्या मनोऱ्यांभोवती पाच ते दहा हजार लाँगस्पर मरून पडले. धुक्यात दिव्याभोवतीचे उजेडाचे कडे पक्ष्याला सोडवत नाही. तो घिरट्या घालतो आणि ताणलेल्या तारांवर आपटतो. तुमच्या घरी आवाज पोचवणाऱ्या माध्यमातून बोलताना हे सांगणे जरा अवघड वाटते, पण सांगायला हवे.

इकडे टुंड्राही बदलते आहे. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश बाकी जगापेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे आणि ती गुडघ्याखालची झुडपे उंच व दाट होऊ लागली आहेत. झुडपांत घरटी करणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमणीला ते मानवेल. लाँगस्परला उघडी जमीनच लागते.

आणि तापमान वाढले म्हणून वसंत दरवर्षी लवकरच येतो असेही नाही. २०१३ मध्ये अलास्कातल्या टूलिक सरोवराजवळ वसंत फार उशिरा आला. तिथे काम करणाऱ्या संशोधकांनी त्या वसंतातले लाँगस्पर अलगद पकडून तपासले, तेव्हा त्यांच्या अंगावरची चरबी घटलेली होती आणि पकडल्यावर रक्तात उसळणारे ताणाचे संप्रेरक नेहमीपेक्षा जास्त होते. पक्षी नेहमीपेक्षा काही दिवस उशिराच पोचले होते. जमीन अजून बर्फाखालीच होती.